प्रसूतिलाभ कायदे (वऱ्हाड)

प्रसूतिलाभ कायदे : मजुरी अथवा वेतन घेऊन काम करणाऱ्या स्त्रीस प्रसूतीच्या आधी व नंतर काही काळ कामातून मुक्तता, त्या काळातील वेतन किंवा त्याचा काही भाग आणि तो काळ संपल्यावर पुन्हा कामावर येण्याची हमी, या तीन गोष्टींची तरतूद करणारे कायदे. यांतील पहिली गोष्ट आरोग्याची, दुसरी उपजीविकेची व तिसरी नोकरीच्या स्थैर्याची होय. तिन्ही एकत्र असल्याशिवाय कायद्याचा हेतू साध्य होत नाही. कारण विनावेतन विश्रांती ही मजूर स्त्रीस परवडत नाही आणि नोकरी गमावून मिळालेली रक्कम लवकरच संपते. भारतात असे कायदे प्रथम केंद्राने नव्हे, तर प्रांतांनी केले. अमरावती व अकोला हे वऱ्हाडचे जिल्हे मुंबई प्रांताच्या पाठोपाठ कायदा करणाऱ्या मध्य प्रांत व वऱ्हाड या शासनाखाली होते. तरीही या जिल्ह्यांतील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया दीर्घकाळ कायद्याच्या बाहेर राहिल्या. याचे कारण रजेच्या आठवड्यांच्या संख्येत नसून लाभास पात्र होण्यासाठी घातलेल्या कामाच्या दिवसांच्या अटीत आणि हंगामी कारखान्यांविषयीच्या धोरणात सापडते.

बाळंतिणीस विश्रांती द्यावी, ही कल्पना कायद्याने नव्याने आणली असे नाही. पहिल्या बाळंतपणास मुलीला माहेरी नेण्याची आणि बाळंतिणीने सव्वा महिना घरकामाला हात न लावण्याची रूढी वऱ्हाडात सर्वत्र होती. मात्र ती पाळणे घरातील इतर हातांवर व कोठीतील धान्यावर अवलंबून असे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात सव्वा महिन्याची विश्रांती म्हणजे सव्वा महिन्याची मजुरी बुडणे. आरंभीच्या प्रांतिक कायद्यांनी प्रसूतीनंतर जी ४ आठवड्यांची रजा दिली, ती रूढीने मान्य केलेल्या या काळापेक्षाही काही दिवसांनी कमीच होती. १९६१ च्या अधिनियमाने प्रसूतीनंतर ६ आठवडे दिले, तेव्हा कायदा प्रथमच रूढीच्या पुढे गेला.

इतिहास : पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथील पहिल्याच परिषदेत प्रसूतीपूर्वी ६ व प्रसूतीनंतर ६ आठवड्यांच्या रजेचा करार संमत केला. हिंदुस्थान सरकारने त्यास मान्यता दिली नाही. या विषयावरील पुढील दोन करारही (१९५२ व २०००) भारताने स्वीकारलेले नाहीत, जरी देशातील रजेचा काळ आज त्यांतील किमान काळापेक्षा अधिक आहे. त्या परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित असलेले ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिसभेत प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले. १९२५ मध्ये ते फेटाळले गेले. त्यानंतर प्रयत्न प्रांतांकडे वळले. मुंबई विधिपरिषदेत आर. एस. आसवले यांनी आणलेल्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांनी पाठिंब्याचे भाषण केले. मातेस मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्यामुळे तिचा भार मुख्यतः शासनाने उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले. मात्र शासन तो उचलत नाही तोवर, स्त्रियांना कामावर ठेवून लाभ मिळविणाऱ्या मालकाला जबाबदारीतून मोकळे सोडता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. भार मालकाचा की समाजाचा, हा प्रश्न त्या भाषणात जितक्या स्पष्टपणे मांडला गेला, तितक्या स्पष्टपणे तो पुढील कायद्यांत क्वचितच हाताळला गेला.

मुंबई प्रसूतिलाभ अधिनियम १९२९ मध्ये संमत झाला. हा या देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा होय. त्यानुसार कारखान्यातील स्त्रीस ७ आठवड्यांपर्यंत रोज ८ आणे मिळावयाचे होते. म्हणजे संपूर्ण काळाची रक्कम साडेचोवीस रुपये होई. ती द्यावयाची जबाबदारी सर्वस्वी मालकावर होती. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, मध्य प्रांताने मुंबईच्या धर्तीवर आपला कायदा केला. मद्रास, संयुक्त प्रांत, बंगाल इ. प्रांतांनी त्यानंतरच्या दशकात त्यांचे अनुकरण केले आणि खाणींतील स्त्रियांसाठी १९४१ मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला.

मध्य प्रांताचा कायदा व वऱ्हाड : वऱ्हाडची कायदेशीर स्थिती त्या काळी विलक्षण होती. १९०२ च्या करारान्वये निजामाने हा प्रदेश ब्रिटिशांना कायम भाडेपट्ट्याने दिला आणि १९०३ मध्ये तो प्रशासनापुरता मध्य प्रांतास जोडला गेला. पण नावाने तो निजामाच्याच सार्वभौमत्वाखाली राहिला. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे, तो अधिसूचनेने लागू करावा लागे. कामगारविषयक कायद्यांचा वऱ्हाडातील इतिहास वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

कायद्याचा खरा लाभ ज्यांना होऊ शकत होता, त्या स्त्रिया मुख्यतः कापडगिरण्यांत होत्या. नागपूरच्या एम्प्रेस मिलने कायदा होण्यापूर्वीच आपल्या स्त्री-कामगारांसाठी प्रसूतिभत्त्याची व्यवस्था केली होती. वऱ्हाडात अकोल्याची सावतराम मिल आणि बडनेरा व अचलपूर येथील गिरण्या या बारमाही चालणाऱ्या होत्या. तेथे सूत गुंडाळण्याच्या व लडी करण्याच्या खात्यांत स्त्रिया काम करीत. परंतु वऱ्हाडचा खरा उद्योग गिरणीचा नव्हे, जिनचा होता. कापसातून सरकी वेगळी काढणारे जिन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस हे अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर अशा कापसाच्या पेठांत दिवाळीच्या सुमारास सुरू होत व उन्हाळा लागता लागता बंद पडत. ओळीने मांडलेल्या रेच्यांपुढे बसून त्यांत कापूस भरण्याचे काम मुख्यतः स्त्रियांकडे असे. धूळ व रुईचे तंतू यांनी भरलेल्या त्या हवेत गरोदरपणाचे शेवटचे महिनेही काढावे लागत.

या स्त्रियांच्या संदर्भात १९३० च्या कायद्यातील पात्रतेची अट निर्णायक ठरली. लाभ मागण्यापूर्वी सलग ९ महिने त्याच मालकाकडे काम झालेले असावे, अशी ती अट होती (मुंबईच्या कायद्यात ती आरंभी ६ महिन्यांची होती). जो कारखाना वर्षातून पाच-सहा महिनेच चालतो, तेथे ९ महिन्यांची अट पुरी होणे शक्यच नव्हते. कायद्याने जिनमधील स्त्रीस नाव घेऊन वगळण्याची गरजच राहिली नाही. नुसत्या बेरजेने ती वगळली गेली. हिंदुस्थानातील श्रमविषयक राजनियुक्त आयोगाने (व्हिटली आयोग, १९३१) अशा कायद्यांचा देशभर विस्तार करण्याची शिफारस केली. परंतु तीही बारमाही कारखान्यांतील कायम स्त्रियांपुरतीच होती. हंगामी कारखान्यातील काम हे शेतीच्या कामाला जोड म्हणून केले जाते, तेव्हा त्यास औद्योगिक नोकरीचे नियम लावू नयेत, असा विचार त्यामागे होता. शेतीतील कामालाही कोणताच नियम लागू नव्हता, याकडे मात्र लक्ष दिले गेले नाही.

मालकाची जबाबदारी की विमा : सर्व रक्कम मालकाने द्यावयाची असल्याने ती टाळण्याचे मार्गही लवकरच रूढ झाले. गरोदरपणाची चिन्हे दिसताच कामावरून कमी करणे, विवाहित तरुण स्त्रियांऐवजी विधवा अथवा वयस्क स्त्रियांना पसंती देणे, हजेरीपटावरील नाव मधूनच खंडित करणे हे प्रकार देशातील अनेक केंद्रांत आढळून आले. कायद्याने संरक्षण दिले आणि त्याच संरक्षणामुळे स्त्रीला काम देणे मालकास महाग वाटू लागले. या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणजे सामाजिक विमा. त्यात सर्व मालक व सर्व कामगार, स्त्री असोत वा पुरुष, निधीत वर्गणी भरतात आणि लाभ निधीतून दिला जातो. त्यामुळे कोणा एका मालकास स्त्रीच्या बाळंतपणाचा खर्च वेगळा सोसावा लागत नाही. यूरोपातील बहुतेक देशांनी हाच मार्ग पत्करला. स्वीडनने १९७४ मध्ये त्याचे रूपांतर आईवडील दोघांनाही घेता येईल अशा पालकविम्यात केले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९३ च्या संघीय कायद्याने दिलेली १२ आठवड्यांची कुटुंबरजा बिनपगारी होती. पगारी रजेचा कायदा तेथेही राज्यांनीच प्रथम केला. कॅलिफोर्नियाने २००२ मध्ये संमत केलेला व २००४ पासून अमलात आलेला कायदा हा त्यांतील पहिला असून त्याचा निधी कामगारांच्या वेतनातून होणाऱ्या कपातीतून उभा राहतो. भारतातील १९२९-३० चे प्रांतिक कायदे आणि हे अमेरिकी राज्यांचे कायदे यांत एवढे साम्य आहे, की केंद्रात अडलेला विषय घटक शासनांनी पुढे नेला.

भारतात विम्याचे तत्त्व कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ या कायद्याने आणले. १९५४ मध्ये नागपूर व मुंबई येथे योजना सुरू झाली. तिच्या कक्षेत आलेल्या स्त्रीस प्रसूतिलाभ मालकाकडून नव्हे, तर महामंडळाकडून मिळू लागला. तथापि, हा अधिनियम ‘हंगामी कारखाने वगळून’ इतर कारखान्यांना लागू होता आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत दिलेल्या उद्योगांच्या यादीत पहिले नाव कापसाच्या जिनिंगचे होते. त्यालगत कापूस व ताग यांच्या प्रेसिंगचे. याखेरीज चहा, कॉफी, नीळ, लाख, साखर, गूळ इत्यादींचे कारखाने त्या यादीत होते. अशा रीतीने वऱ्हाडातील सर्वांत मोठा कारखानी व्यवसाय विम्याच्या बाहेर राहिला. [→ सामाजिक सुरक्षा].

प्रसूतिलाभ अधिनियम, १९६१ : संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदाने प्रसूतिसाहाय्याची तरतूद करणे हे राज्याच्या धोरणाचे निदेशक तत्त्व ठरविले आणि हा विषय समवर्ती सूचीत घातला. प्रांताप्रांतांतील कायद्यांत एकसूत्रता आणण्यासाठी संसदेने १९६१ मध्ये केंद्रीय अधिनियम केला. कर्मचारी राज्य विमा ज्या कारखान्यास लागू नाही, त्यास हा अधिनियम लागू, अशी दोहोंची विभागणी होती. परिणामी जिनमधील स्त्री प्रथमच एका प्रसूतिलाभ कायद्याच्या चौकटीत आली. एकूण १२ आठवड्यांची रजा, सरासरी दैनिक वेतनाच्या दराने लाभ, प्रसूतिपूर्व काळाची रक्कम आगाऊ व उरलेली रक्कम प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत, गर्भपात झाल्यास ६ आठवड्यांची रजा, कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत त्यास पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या आणि रजेच्या काळात कामावरून काढण्यास बंदी, या त्याच्या प्रमुख तरतुदी होत्या. प्रसूतीनंतरचे ६ आठवडे स्त्रीला जाणूनबुजून कामावर ठेवणे हाच अपराध ठरविण्यात आला.

पात्रतेची अट आता महिन्यांऐवजी दिवसांत मोजली जाऊ लागली. प्रसूतीच्या अपेक्षित दिनांकापूर्वीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे प्रत्यक्ष १६० दिवस काम झालेले असणे आवश्यक होते. ९ महिन्यांच्या सलग नोकरीपेक्षा ही अट बरीच सैल होती. तरीही कापसाचे पीक बेताचे आले वा जिन उशिरा सुरू झाला, तर आठवड्याच्या सुट्या वजा जाता १६० दिवस भरत नसत. १९८८ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ८० दिवसांवर आणली गेली आणि पगारी सुट्यांचे दिवसही मोजण्यात धरले जाऊ लागले. वऱ्हाडातील हंगामी स्त्री-कामगारांच्या दृष्टीने या कायद्याच्या इतिहासातील हीच सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती मानावी लागेल. २०१७ च्या दुरुस्तीइतकी प्रसिद्धी तिला लाभली नाही.

अडचणी तरीही उरल्या. लाभ हा ‘प्रत्यक्ष गैरहजेरीच्या’ काळाचा असतो. श्रावण-भाद्रपदात बाळंत होणाऱ्या स्त्रीने मागील हंगामात ८० दिवस भरले असले, तरी त्या वेळी जिन बंद असतो व हजेरीपटावर तिचे नाव नसते. मग ती कोठून गैरहजर आहे, असा प्रश्न उभा राहतो. मुकादमामार्फत आणलेल्या मजुरांची नोंद पुष्कळदा मुकादमाच्याच वहीत असते, त्यामुळे दिवस सिद्ध करणेही कठीण जाते. पुढे रेच्यांत कापूस आपोआप भरणारी यंत्रे आली आणि हाताने कापूस भरणाऱ्या स्त्रियांची गरजच घटली. कायद्याची अट अनुकूल होत गेली, त्याच काळात तिचा लाभ घेऊ शकणारे काम कमी होत गेले.

न्यायालयीन निर्णयांनी अधिनियमाचा अर्थ पुष्कळसा स्पष्ट केला. कोईमतूरकडील मळ्यातील एका स्त्री-कामगारास मालकाने १२ आठवड्यांतील रविवार वगळून ७२ दिवसांचाच लाभ दिला होता. आठवडा म्हणजे सात दिवस, तेव्हा ८४ दिवसांची रक्कम देणे लागते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावर रोजंदारीने काम करणाऱ्या स्त्रियांनाही अधिनियमाचा लाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय त्याच न्यायालयाने २००० मध्ये दिला. नैमित्तिक कामगारासाठी हा निर्णय फार मोलाचा आहे.

२०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली (दोन वा अधिक अपत्ये हयात असल्यास १२). दत्तक घेणाऱ्या व सरोगसीने अपत्य मिळविणाऱ्या मातेस १२ आठवडे देण्यात आले आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक ठरले. विमा नसलेल्या ठिकाणी २६ आठवड्यांचे वेतन पूर्वीप्रमाणेच एकट्या मालकाने द्यावयाचे असल्याने १९२८ चा प्रश्न अधिक तीव्र होऊन पुन्हा पुढे आला. १९४८ व १९६१ हे दोन्ही अधिनियम पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन करण्यात आले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. संहितेतही राज्य विम्याच्या प्रकरणातून हंगामी कारखाना वगळलेला आहे. प्रसूतिलाभाचे प्रकरण मात्र सर्व कारखान्यांना लागू असून त्यात ८० दिवसांची अट कायम आहे.

शासकीय सेवेतील स्त्रिया व कुटुंबरजा : राज्य शासनाच्या सेवेतील स्त्रियांची रजा महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांनुसार मिळते. १९९७ मध्ये केंद्र शासनाने आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांस अपत्यजन्माच्या वेळी १५ दिवसांची पितृत्व-रजा दिली. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन-रजा सुरू केली. ती स्त्री-कर्मचाऱ्यांबरोबरच पत्नी हयात नसलेल्या अथवा असाध्य आजाराने अंथरुणास खिळलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही घेता येते. सरोगसीने अपत्य मिळविलेल्या मातेसही प्रसूतिरजेचा हक्क आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्ये, म्हणजे संसदेच्या दुरुस्तीपूर्वी दोन वर्षे, दिला. वऱ्हाडचे जिल्हे याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. खाजगी नोकरीतील पित्यासाठी मात्र १९६१ च्या अधिनियमात तरतूद नव्हती आणि २०२० च्या संहितेतही नाही.

नोकरीबाहेरील स्त्रिया : वऱ्हाडातील कष्टकरी स्त्रियांपैकी फार मोठा भाग शेतमजुरीवर आहे. पेरणीनंतरचे निंदण, कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी या कामांना मालक रोज बदलतो. वेचणीची मजुरी वजनावर मिळते, दिवसावर नव्हे. तेथे ‘एकाच मालकाकडे अमुक दिवस’ ही अट निरर्थक होते आणि रजा मागावयाची कोणाकडे हेही ठरत नाही. अशा स्त्रियांसाठी मालकाच्या जबाबदारीवर किंवा विम्यावर आधारलेला कायदा अपुरा पडतो. शासनाने थेट द्यावयाच्या साहाय्याचा मार्गच उरतो. मेळघाटासह राज्यातील आदिवासी भागांत नवसंजीवन योजनेखाली मातृत्व अनुदान म्हणून ४०० रु. रोख व ४०० रुपयांची औषधे देण्यात येत.

याहून व्यापक प्रयोग २०१० मध्ये सुरू झाला. इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना देशातील निवडक ५३ जिल्ह्यांत प्रायोगिक रीत्या राबविण्यात आली. त्यांत महाराष्ट्रातील अमरावती व भंडारा हे दोन जिल्हे होते. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई हा तिचा घोषित हेतू होता आणि त्यामुळे ती नुसत्या अनुदानाहून निराळी ठरते. १९ वर्षे पूर्ण झालेल्या मातेस पहिल्या दोन अपत्यांपर्यंत ४,००० रु. हप्त्यांनी मिळत, अंगणवाडीतील नोंदीवर ती रक्कम अवलंबून असे. शासकीय नोकरीतील स्त्रियांना, त्यांस पगारी रजा मिळत असल्याने, वगळले होते. मात्र वयाच्या व अपत्यसंख्येच्या अटींमुळे लवकर विवाह होणाऱ्या व अधिक अपत्ये असणाऱ्या स्त्रियाही वगळल्या जात. धारणी व चिखलदरा या तालुक्यांत कुपोषणाचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. तेथे ही अट सर्वाधिक गरजू मातांच्याच आड येणारी होती. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ याने किमान ६,००० रुपयांचा प्रसूतिलाभ हा कायदेशीर हक्क केला. तथापि, २०१७ पासून देशभर लागू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यापुरते ५,००० रु. ठेवण्यात आले, २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपयांची भर पडली. संघटित क्षेत्रातील रजेच्या १८२ दिवसांवर ५,००० रु. विभागल्यास दिवसास साडेसत्तावीस रुपयांच्या आसपास पडतात. १९२९ चे ८ आणे हे निदान त्या काळच्या गिरणीतील स्त्रीच्या रोजाशी तुलना करण्याजोगे होते. या आकड्याबाबत तसे म्हणता येत नाही. बांधकामावरील नोंदित स्त्रियांना राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडून पहिल्या दोन प्रसूतींसाठी नैसर्गिक प्रसूतीस १५,००० व शस्त्रक्रियेस २०,००० रु. देण्याची योजना आहे. तेथे वर्षातून ९० दिवस बांधकाम केल्याचा दाखला लागतो, आणि सुगीच्या दिवसांत कापूस वेचून उरलेल्या काळात गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या स्त्रीस हा दाखला मिळविणे अवघड जाते.

२०२० च्या संहितेच्या १०९ व्या कलमाने असंघटित कामगारांसाठी आरोग्य व प्रसूतिलाभ यांच्या योजना आखण्याचे काम केंद्र शासनावर सोपविले आहे. त्यासाठी २०२१ पासून ई-श्रम नोंदणी सुरू असून शेतमजूर स्त्रियांनाही तीत नाव घालता येते. लाभाची रक्कम, तिचा काळ व पात्रतेचे दिवस यांपैकी काहीही त्या कलमात दिलेले नाही. ते योजनेत ठरावयाचे आहे.